मालकीणबाई, भाडं आणलंय

मित्रांनो, मी दारावरची एक जुनी पितळी घंटी आहे. कान पिळला की वाजते. न पिळताही वाजले आहे, पण ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही पळून जाल.

ओतणाऱ्याने मला असा गळा दिला, की मी पहिल्यांदा वाजले तेव्हा सगळ्या गल्लीने आपापली दारं उघडली. एका शिंप्याने मला नव्या घरासाठी घेतलं. अस्तराच्या मऊ चिंधीने ते मला पुसत. येणारा-जाणारा माझं कौतुक करी.

शिंपी म्हातारे झाले. घरात ते आणि त्यांची लेक, दोघंच. त्या काळी माणूस गेलं की त्याच्या मालमत्तेवर सरकार वारसाकर घेई; आपल्या मागे तो भरायला लेकीला हेच घर विकावं लागेल, अशी त्यांना धास्ती बसली. वकीलबाईंनी तोड काढली. घर लेकीसाठी ट्रस्टमध्ये द्या, तिलाच विश्वस्त करा, म्हणजे ते तुमच्या मालमत्तेत धरणार नाहीत. पण देऊन टाकलेल्या घरात राहायचं तर भाडं भरून राहा. फुकट राहिलात, तर करखातं म्हणेल, तुम्ही ते दिलंच नव्हतं.

शिंप्यांना भारी गंमत वाटली. दर महिन्याच्या पहिल्या सकाळी ते कोट चढवून बाहेर जात, दार ओढून घेत आणि माझा कान पिळत. लेकीने उघडलं की म्हणत, "मालकीणबाई, भाडं आणलंय. आणि नळ गळतोय तुमचा."

"बाबा, आत या हो. लोक बघतायत."

लेक पैसे घेई खरी, पण कोट खुंटीला टांगताना हळूच आतल्या खिशात परत सारी. बापाकडून कसलं भाडं घ्यायचं, असं पुटपुटे. पण शिंप्याला खिशाचं वजन कळत नाही होय? एकदा ते म्हणाले, "पोरी, भाडं घेत जा गं. नाहीतर मला परत यावं लागेल."

लेक हसली. मीही किणकिणले.

पुढे शिंपी गेले. करखात्याचे साहेब आले, सभ्य होते बिचारे. भाड्याचे पैसे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. लेकीला खोटं बोलवेना. "बाबांच्याच खिशात," ती म्हणाली.

"मग ताई, त्यांनी हे घर सोडलंच नाही."

तेवढ्यात मी वाजले. साहेबांनी दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. जाताना साहेब मागच्या दाराने गेले.

कर भरायला घर विकावं लागलं. दर पहिल्या सकाळी मी वाजतच राहिले. नव्या मालकांनी आधी उंदरांना दोष दिला, मग वाऱ्याला, मग माझी जीभच काढली. बिनजिभेची मी आणखी मोठ्याने वाजले. तेव्हा त्यांनी मला लेकीच्या भाड्याच्या खोलीवर आणून टाकलं. तिने मला दाराला लावलं.

पुढच्या पहिल्या सकाळी मी वाजले. लेकीने दार उघडलं. रिकाम्या उंबऱ्याकडे बघत तिने हात पुढे केला, मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरून दार लावून घेतलं. नंतर तिने दाराशेजारी खुंटीला टांगलेल्या बाबांच्या कोटाकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर मी वाजलेली नाही.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस काही देत असेल तर लाजू नका, घ्या. आणि जाता जाता मला एक फडकं मारा. कान पिळताना त्यांच्या कोटाची बाही लागायची, ती जागा अजून गार आहे.