रंगाखालचे सांधे

तेलाची टाकी बांधून झाली की आधी तिच्यात काठोकाठ पाणी भरतात आणि वेल्डिंगचे सांधे पाझरतात का ते दिवसभर बघतात. तोवर सांध्यांना रंग लावायचा नसतो, कारण बारीक छिद्र रंगाने बुजतं आणि पुढे तेल भरल्यावर उघडं पडतं. हे आमच्या कँटीनच्या मावशींनाही ठाऊक आहे. तरी मी दोन दिवसांची रजा संपवून आले, तर बारा नंबरची टाकी पांढरीशुभ्र.

देशाचा तेलउद्योग वाढवायला सरकारने पैसा ओतला होता. आमचा कारखाना दुप्पट होणार होता आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला मंत्री येणार होते. फोटोत टाकी गंजकी दिसू नये, एवढ्यासाठी हा नट्टापट्टा. रंगवणारा दुसरा-तिसरा कोणी नव्हता, माझाच थोरला भाऊ, रंगकामाचा मुकादम. साहेबांचा हुकूम होता, म्हणाला, आणि माझी नजर चुकवली. माझं डोकंच फिरलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. टाकी भरलीय, टिपूस गळत नाही, तपासनीस म्हणून सही ठोका आणि मोकळ्या व्हा, असं गोड बोलणं. मी सांगितलं, आधी सांधे घासा. मग देशाचं नाव निघालं, आवाज चढला, आणि माझी नोकरी कंत्राटी असल्याची आठवण करून देण्यात आली.

"खुशाल काढा मला," मी म्हटलं. "पण या कागदावर माझी सही होणार नाही."

सकाळी मांडवात खुर्च्या मांडत होते, तेव्हा मी खडू घेतला आणि टाकीवर हातभर अक्षरांत लिहिलं: चाचणी झालेली नाही. साहेब धावत आले. त्यांनी दादाला हाक मारली आणि पुसायला सांगितलं.

दादा फडकं घेऊन आला. माझ्याकडे बघितलं, कुंपणापलीकडच्या कामगार वसाहतीकडे बघितलं. मग फडकं टाकून त्याने तारेचा ब्रश उचलला आणि खालचा सांधा घासायला लागला. त्याच्या पायांवर रंगाचे पोपडे पडत होते. वीतभर घासून झालं नसेल, तोच लोखंडावर पाण्याचा थेंब फुगला. तो ओघळला आणि मागून दुसरा आला.

साहेब दबक्या आवाजात म्हणाले की गाड्या फाटकात आल्यात, झाका ते.

"येऊ द्या," दादा म्हणाला. "माझी पोरं त्या कुंपणामागे झोपतात. मंत्र्यांनाही बघू द्या."

आणि तो पुढचा सांधा घासू लागला.