ज्युनियरची तयारी

ब्रह्मपुरीच्या कोर्टात मी पहिली बाई वकील, अन् ते मी कोणाले विसरू देत नाई. वकिलीची डिग्री घेऊन घरी पोळ्या लाटत बसलेल्या पोरींले मी बाहेर काढलं, दर शनिवारी माझ्या ओसरीवर त्यांची बैठक घेतली. "उभ्या राहा गं कोर्टात, मी आहो मागं!" हे माझं ठरलेलं वाक्य. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटते.

रुबीना त्यातलीच. तिचे वडील बाबूभाई, बांगड्यांचे दुकानदार. त्यांनी मले स्पष्ट सांगितलं होतं, "कमळाबाई, एक साल देतो. तेवढ्यात पोरीनं स्वतःच्या दमावर एक तरी केस चालवून दाखवावी. नाई तर बस झालं कोर्ट." अन् त्या सालातले अकरा महिने मी तिच्याकडून काय करून घेतलं? तारखा. "साहेब, पुढची तारीख द्या," याच्यापलीकडं तिचा आवाज कोर्टानं ऐकलाच नाई.

मग सुकरीची पोटगीची केस आली. सुकरी कोणापाशी बोले ना. रुबीनानं व्हरांड्यात तिच्याजवळ बसून, आपल्या डब्यातलं तिले देऊन, सगळं हळूहळू काढून घेतलं. नवऱ्याची, जंगूची, उलटतपासणी रुबीनाच घेईल असं ठरलं. तिनं चौदा प्रश्न लिहून आणले अन् मले बजावलं, "बाई, 'काऊन सोडलं' हे त्याले विचारायचंच नाई. तो वाट्टेल ते बोलून मोकळा होईल."

त्या दिवशी ती उठली, काळा कोट सारखा केला. समोरचे वकील हसले, "काय कमळाबाई, आज शाळा भरवली का?" झालं! माझं टाळकंच सरकलं. "बस खाली," मी रुबीनाले म्हटलं, अन् स्वतः उभी राह्यली. प्रश्नांचा कागद तिच्याच हातात राह्यला. दोन प्रश्न बरे गेले. मग जंगूवर डाफरत मी विचारलं, "काऊन रे सोडलं तिले?"

"ती दुसऱ्यासंगं राह्यते," तो म्हणाला. भरल्या कोर्टात! साफ खोटं होतं, पण उरलेले प्रश्न रुबीनाच्या कागदावर होते. सुकरीनं पदर तोंडावर घेतला. "झाले प्रश्न," म्हणून मी बसली.

इथवर चूक होती, माणसाच्या हातून होते. पुढची मात्र नुसती चूक नव्हती. बाहेर सुकरीच्या मायनं विचारलं, "असं कसं झालं बाई?" अन् मी, शनिवारी भाषणं ठोकणारी मी, म्हणाली, "ज्युनियरची तयारी कच्ची होती." रुबीना माझी पुस्तकं धरून मागंच उभी होती. तिनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाई.

चार दिवस ती आली नाई. पाचव्या दिवशी एक अर्ज घेऊन आली. "जंगूले परत साक्षीले बोलावता येते, बाई. उरलेले प्रश्न विचारता येतील. पण कारण लिहावं लागते." तिनं लिहिलंच होतं: ज्युनियर वकील रुबीना शेख यांच्या अपुऱ्या तयारीमुळे महत्त्वाचे प्रश्न राहून गेले. खाली माझ्या सहीची जागा.

"हे काय लिहिलंस?"

"तुम्हीच बोलल्या ना. सुकरीचं काम व्हायले पाह्यजे, बस." आवाजात राग नव्हता. असता, तर मी भांडली तरी असती.

"अन् बाबूभाईनं वाचलं तर?"

"वाचतील. साल तसंबी संपून राह्यलं."

लाज म्हणजे काय, ते मले पन्नासाव्या वर्षी, माझ्याच ओसरीवर समजलं. मी तिचं नाव खोडून माझं लिहिलं. कारण लिहिलं, 'माझ्या अहंकारापायी'. तर तीच म्हणाली, "कोर्टात अहंकार चालत नाई बाई. चूक लिहा."

सुनावणीले मी बाबूभाईले मुद्दाम बोलावलं. साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला, माझ्या नावासकट. समोरचे वकील दात काढून हसले. अर्ज मंजूर झाला.

"उलटतपासणी कोण घेणार?" साहेबांनी विचारलं.

रुबीना उठली. अन् खोटं काऊन सांगू, तेव्हाबी मी अर्धी उठली होती. मागून बाबूभाई माझ्याकडं पाहत होते. मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला अन् खाली बसली.