खालची कडी

नवऱ्याने तिचं नाव फौजदारीण ठेवलं होतं ते लग्नाआधीच, आणि टिकली झाल्यापासून तर तिला बढतीच मिळाली. टिकली दीड वर्षाची, हाती लागेल ते तोंडात घालणारी. त्यामुळे घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी फौजदारीणबाईंच्या नाकाखालून जायची.

जुन्या वस्तूंच्या दुकानातही तेच. नवऱ्याला आपलं लहानपणीचं घर पुन्हा होतं तसं करायचं होतं. मधल्या काळात कोणी कोणी बसवलेल्या पांढऱ्या ट्यूबा, प्लास्टिकची बटणं आणि अॅल्युमिनियमच्या कड्या काढून तिथे पितळी मुठी, चिनी मातीचे गोल खटके आणि दुधी काचेच्या हंड्या लावायच्या. दुकानदाराला तो पितळशेठ म्हणायचा, अर्थात माघारी.

"हा दिवा जुना आहे?" तिने विचारलं.

"ताई, तुमच्या आजोबांच्या आधीचा."

"मग स्क्रूवर अधिकची खूण कशी? जुन्या स्क्रूला एकच खाच असते."

"स्क्रू बदललेत हो."

"आणि हा आंबट वास? काल व्हिनेगरमध्ये बुचकळून म्हातारा केलाय ना याला?"

पितळशेठ नवऱ्याकडे वळले. "साहेब, पुढच्या वेळी एकटेच या."

नवरा पोट धरून हसला. दिवा मात्र परत फळीवर गेला.

घरी त्याचा एकच नियम होता, दारालाच विचारायचं. जुना रंग खरवडला की पूर्वीच्या भोकांचे ठिपके दिसायचे, मूठ कुठे होती, साखळी कुठे होती ते आपोआप कळायचं, आणि नवी वस्तू बरोबर त्या जागी बसायची. तो खरवडायचा आणि ती मागून ओल्या फडक्याने कण न् कण टिपायची, कारण जुन्या रंगात काय काय असतं ते तिने वाचलं होतं.

छोट्या खोलीच्या दाराशी फडकं फिरवताना तिचा हात थांबला. दाराच्या बाहेरच्या अंगाला, तिच्या मांडीच्या उंचीवर, लाकडाचा एक लांबट फिका पट्टा होता, आणि त्याच्या कोपऱ्यांवर पुट्टीने बुजवलेली भोकं. कडीची जागा, तीही बाहेरून.

"अरे, या खोलीत तर तू आणि ताई झोपायचात ना?"

"हो, मग?"

"मग हिला बाहेरून कडी कशाला?"

"असेल काहीतरी, अडगळ ठेवत असतील आधी." त्याने मानसुद्धा वळवली नाही. "मी केवढासा होतो. आईला विचार."

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी टिकलीच्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. दिव्यांच्या निवडीत त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. काहीही दाखवा, "तुम्हाला आवडेल ते" हे उत्तर ठरलेलं.

"आई, छोट्या खोलीच्या दाराला खाली कडी होती का हो?"

घडी अर्धीच राहिली.

"ते दार तेवढं सोडून द्या. रंग मारा नि विषय संपवा."

"पण का?"

"का म्हणजे? सगळ्या दारांची चौकशी झालीच पाहिजे का, फौजदारीणबाई?" असं म्हणून त्यांनी टिकलीला कडेवर घेतलं आणि चालत्या झाल्या. हसल्या होत्या, पण फक्त ओठांनी.

झालं. सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती आणि टिकली दिवसभर सासूबाईंकडे राहणार होती. पाळणाघर बघितलंही होतं, पण सासूबाईच म्हणाल्या होत्या, "घरात मी असताना पोर परक्याकडे कशाला?" तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आणि त्याच बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या होत्या, "आमची मुलं एकदा त्या खोलीत गेली की हूं नाही की चूं नाही." तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आता तिला तेच वाक्य रात्रंदिवस ऐकू येऊ लागलं. मुलं गप्प का बसायची? दार बंद असायचं म्हणून? सासूबाईंनी टिकलीला "बस तिथेच" म्हटलं की तिचे कान टवकारायचे. टिकली आजीच्या हातून निमूट जेवली, तरी हिच्या मनात शंका. माझ्याकडे थुंकते आणि त्यांच्याकडे का नाही? भीतीने? तिने पाळणाघराला गुपचूप फोनही केला. जागा अजून होती. नवऱ्याला काय सांगायचं तेवढंच जुळवायचं राहिलं होतं.

शनिवारी दुपारी नवरा पितळशेठकडे गेला होता आणि टिकली झोपली होती. ती पुन्हा त्या दाराशी जाऊन बसली. पाळणाघराचं नाव काढायचं तर हाती काहीतरी ठोस हवं. बाहेरून कडी लागायची, म्हणजे तिचा दांडा शिरायला चौकटीत भोक हवं. तिने बोटाने चाचपलं, नखाने रंग काढला. भोक नव्हतं, बुजवलेलंही नव्हतं.

मग चौकटीच्या त्याच बाजूला, आताच्या बिजागऱ्यांच्या बरोबर समोर, जिथे काहीच असायचं कारण नव्हतं, तिथे तिला दोन चौकोनी ठिगळं दिसली, एक वर आणि एक खाली. तिथे बिजागऱ्या होत्या पूर्वी! ती आत गेली. आताच्या बिजागऱ्यांच्या बाजूला, खोलीच्या आतल्या अंगाला, मांडीच्याच उंचीवर कोयंड्याची भोकं होती.

तिने तळहातावर दार फिरवल्यासारखं करून बघितलं. दार उलटं करून बसवलेलं होतं. आज जी बाजू बाहेर होती ती आधी आत होती. म्हणजे कडी बाहेरून नव्हतीच, ती आतून लागायची. आणि इतकी खाली मोठं माणूस कडी बसवत नाही. ती लहान मुलाच्या हाताच्या उंचीची होती.

पाठीमागे सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"सापडलं?"

"आई, ही कडी कुणी बसवली?"

"मी. मोठीचा हात पोचेल अशी. ती पाच वर्षांची होती, हा टिकलीएवढा." सासूबाई दाराकडे न बघता बोलत होत्या. "यांचा आवाज चढायला लागला की ती ह्याला घेऊन आत जायची आणि कडी घालायची. आवाज नाही करायचा. मी ठोकलं तरी उघडायचं नाही, असं बजावलं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर."

तिने कोयंड्याच्या भोकांवर बोट ठेवलं.

"एक दिवस यांच्या ध्यानात आलं. सुताराला बोलावून दार उलटं करून घेतलं. त्याला म्हणाले, खोलीत हवा येत नाही. त्याच संध्याकाळी मी दोघांना उचललं आणि बहिणीकडे गेले. दोनेक वर्षांनी हे वारले, तेव्हाच परत या घरात पाऊल टाकलं. सगळ्यात आधी ती कडी उपटली."

"याला माहीत आहे?"

"नाही. त्याला हे घर आवडतं. आवडू दे." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तू पाळणाघराला फोन केलास ना? भिंती पातळ आहेत गं या घराच्या."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, मला वाटलं..."

"वाटणारच. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. आईने संशय नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा?"

तेवढ्यात नवरा आला, कागदाची पुडी नाचवत. "फौजदारीण, पुरावा आणलाय! पितळशेठने पोत्यातून शोधून दिली." त्याने पितळी कडी त्या फिक्या पट्ट्यावर धरली. तंतोतंत बसली. "बघ! स्क्रूसुद्धा एका खाचेचे."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"या दाराला कडी नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. टिकली अडकायची."

"अगं, खुणा आहेत! अख्खं घर एका पद्धतीचं आणि हे एकच दार बोडकं? मी महिनाभर मरतोय इथे!" त्याचा आवाज चढला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

आजवर त्याचा आवाज तिने शंभरदा ऐकला असेल, पण असा कान देऊन कधीच नाही. भिंतीपलीकडे आणखी दोन कान तसेच लागले होते, हे तिला न बघता कळत होतं. तिने नजर त्याच्या तोंडावरून हलवली नाही. तो कडीकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग गालावरचा रंगाचा कण खाजवू लागला.

"बरं बाबा," तो म्हणाला. "मोरीच्या दाराला लावतो. तिथे तरी परवानगी आहे का साहेब?"

"तिथे लाव. वर. माझ्या हाताला लागेल अशी."

तो पुटपुटत हातोडी शोधायला गेला. नळ पुन्हा सुरू झाला.

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "आई, सोमवारी टिकली दुपारी झोपली नाही तर उगाच मांडीवर घेऊन बसू नका हं. पाय दुखतात तुमचे."

"मला शिकवतेस?" सासूबाई भांडं विसळत म्हणाल्या. "तू दुपारी फोन कर. नाही केलास तर मीच तुझ्यावर संशय घेईन."

"दोनदा करीन," ती म्हणाली.

"माहीत आहे."