तक्रार, केव्हापासून, उपाय

घड्याळजींनी आपला हेका सोडला नव्हता. व्हिसा घ्यायचा तर एक वर्षाचाच. लेकीच्या देशात जायचं, अकरा महिने राहायचं आणि घरी येऊन पंख्यांवरची धूळ पुसायची. पुढचा मिळेल की नाही, ते पुढचं पुढे. दुसरा एक व्हिसा होता, खास निवृत्त जोडप्यांसाठी, सलग पाच वर्षांचा. त्याचं नाव काढलं की यांना हमखास कुठलं तरी काम आठवायचं.

कारणं ढीगभर होती. घड्याळदुरुस्तीचं दुकान दुसऱ्याला देऊन दोन वर्षं झाली होती, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत, तरी जुन्या कुलपाची किल्ली यांच्या खिशात असायचीच. किल्ली इथे आणि आपण तिथे, हे कसं जमायचं? खरं कारण मात्र अर्जाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. पाच वर्षांच्या व्हिसाला पेन्शन लागायची, आणि पेन्शन होती ती बायकोला. तिने चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. म्हणजे ती मुख्य अर्जदार आणि घड्याळजी तिचे ‘आश्रित’. तो शब्द वाचला आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“अख्ख्या बाजाराची घड्याळं माझ्या हातावर चालली,” ते लेकीला फोनवर म्हणाले, “आणि आता मी आश्रित?”

“बाबा, नुसता रकाना आहे तो.”

“रकान्यात बसणारा मी आहे ना.”

बायकोला सगळी बिल्डिंग ‘सिस्टर’ म्हणायची. घड्याळजींना अर्थातच तसं म्हणायची सोय नव्हती, ते ‘अगं’वर भागवत. सिस्टर या वादात पडल्याच नाहीत. “तुम्ही ठरवा,” एवढंच त्यांचं म्हणणं. फक्त एकदा भाजी निवडताना बोलून गेल्या, “लेकीचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं मी ड्युटीवरून आल्यावर ऐकलं. नातीचं तरी डोळ्यांनी बघावं म्हणते. अकरा महिन्यांत किती बघून होणार?” मग उठून त्यांनी कुकर लावला. घड्याळजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं. पण हेका तो हेका.

अर्ज द्यायच्या दिवशी पिशवीत दोन फायली होत्या. निळी एक वर्षाची, घड्याळजींनी भरलेली. पिवळी पाच वर्षांची, सिस्टरांनी “असू द्या सोबत” म्हणून भरून ठेवलेली. घड्याळजींनी ती उघडूनही पाहिली नव्हती.

“जमा एकच होईल,” व्हिसा कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “पण दोन्ही तपासून देते.”

निळी दोन मिनिटांत झाली. पिवळीतल्या आरोग्याच्या पानावर मात्र बाई थबकल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

“काका, तुम्ही आपले आपण चालत आलात ना?”

“रोज तीन मजले चढतो मी.”

“नाही, इथे बरंच काही लिहिलंय. काकू, पेशंटबरोबर मदतनीस कोण येणार?”

पेशंट म्हटल्यावर घड्याळजींनी पान ओढूनच घेतलं. तीन रकाने होते: तक्रार, केव्हापासून, उपाय. इतर कुणी तिथे नुसता रक्तदाब लिहून मोकळं झालं असतं. सिस्टरांनी ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवतात तसा नवरा लिहून काढला होता, पान उलटून मागच्या बाजूलासुद्धा.

‘घोरतात. लग्नापासून. डाव्या कुशीवर वळवावे, जागे होत नाहीत.’

‘मान दुखते. चाळीस वर्षं भिंग लावून काम. गरम पाण्याची पिशवी द्यावी. स्वतःहून मागणार नाहीत.’

‘विनाकारण चिडतात. दुकान सुटल्यापासून. वाद घालू नये. बंद पडलेलं काहीतरी हातात द्यावं.’

दोन वर्षांत घरातलं गजराचं घड्याळ चार वेळा कसं बिघडलं, हे कोडं घड्याळजींना तिथे खिडकीपाशी उभ्याउभ्या सुटलं.

“अगं, हे एवढं सगळं कशाला?”

“उद्या मला काही झालं, तर पुढच्या माणसाला कळायला नको?” किराण्याची यादी सांगावी तशा आवाजात सिस्टर म्हणाल्या.

घड्याळजींनी पान नीट सरळ करून परत खिडकीत सरकवलं.

“इथे फक्त आजार लिहायचे असतात,” बाई हसू दाबत म्हणाल्या. “यातलं रक्तदाब आणि मान एवढंच मी धरते. पण काकू, तुमचं पान चुकलंय. घरातल्या दुसऱ्या माणसाने भरायचं असतं ते. तुम्ही स्वतःच भरलंय.”

सिस्टरांच्या पानावर ओळीने अकरा वेळा ‘काही नाही’ लिहिलेलं होतं. बाईंनी कोरं पान घड्याळजींपुढे सरकवलं. “भरायचं असेल तर बाकावर बसा. नाहीतर निळी घेते.”

“निळीच द्या हो,” सिस्टर म्हणाल्या. म्हणताना त्यांनी पिवळ्या फायलीचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

घड्याळजींची नजर केसाएवढ्या स्प्रिंगांवर पोसलेली. त्यांनी तो अंगठा पाहिला आणि पान घेऊन ते बाकावर जाऊन बसले.

‘जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबते. कुंडीतलं रोप बघते म्हणते. रोप प्लॅस्टिकचं आहे. दीड वर्षापासून. पिशव्या मी घ्याव्यात.’

‘लेकीचा फोन ठेवला की ओटा पुसते. ओटा आधीच पुसलेला असतो. नात झाल्यापासून.’

पुढे उपायाचा रकाना. तिथे पेन थांबलं. घड्याळजींनी खिशातली किल्ली चाचपली, समोर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि दोन शब्द लिहिले. मग उठून त्यांनी निळी फाईल पिशवीत टाकली आणि पान खिडकीत दिलं.

“काका, आजारच फक्त...” म्हणत बाई वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या. “उपाय: पाच वर्षं. हे खोडावं लागेल.”

“खुशाल खोडा. पण तेवढी द्या.”

सिस्टर केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, घड्याळजींना कळलंच नाही. सिस्टरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

“मुख्य अर्जदार काकू,” बाई म्हणाल्या. “आणि आश्रित?”

“मी,” घड्याळजी म्हणाले आणि बाईंनी बोट ठेवलं तिथे त्यांनी झोकात सही केली.

घरी परतताना पिशवी त्यांच्याच हातात होती. दुसऱ्या मजल्यावर या वेळी तेच आधी थांबले आणि कुंडीपाशी वाकले.

“छान वाढलंय गं रोप,” ते म्हणाले.