चार हजार मीटर खालचा कागद

"कोरडा," डोळे मिटूनच सेडिकबुटा म्हणाला, आणि कारखाना चालवणाऱ्या लिंडेल्वाबाईंनी वहीत तसं लिहायलाही घेतलं.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. डब्यातून नुकताच काढलेला पातळ कागद त्याच्या चिमटीत होता आणि तो अंगठ्याने नेहमीसारखा चाचपत होता. कागदाच्या कोपऱ्यावर बटणाएवढा डाग होता. मी हळूच बोट लावलं. कोपरा गार होता, आणि ओला.

केपटाऊनच्या गोदीत आमचा कारखाना आहे. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लागणारी यंत्रं कुठल्या दुकानात मिळत नाहीत, ती आम्ही घडवतो. मागच्या अंगणात आरमाराच्या भंगारातून आणलेली एक तोफ उभी आहे, तोंड आभाळाकडे. एकतीस वर्षांपूर्वी सेडिकबुटाने ती आतून घासून गुळगुळीत केली, बुडाला पोलादी बूच बसवलं, वर आट्यांचं झाकण केलं. आत पाणी भरून पंपाने दाब वाढवत नेला, की अंगणातच चार हजार मीटर खोल समुद्र तयार. तिथे नखाएवढ्या जागेवर चारशे किलोचं ओझं असतं. गेजची सुई त्या आकड्यावर टेकली की अजूनही मी एक पाऊल मागे सरते. भिंतीपलीकडे ते सगळं ओझं मुकाट उभं असतं, आणि अलीकडे लेथ चालवणारा अ‍ॅश्ली पंपावर कोपर टेकून चहा पीत असतो.

त्या तोफेत आधी रिकामा डबा बुडवायचा, आत एक कागद ठेवून. कागद कोरडा निघाला तरच डब्यात यंत्र जायचं. या खेपेला त्यात कॅमेरा जाणार होता. त्याच्या तारा जोडण्यात माझी दोन वर्षं गेली होती. जहाज गुरुवारी सुटणार होतं, आणि त्या दिवशी मंगळवार होता.

"बुटा, परत एकदा बघ ना," मी म्हटलं. बुटा म्हणजे थोरला भाऊ, सगळे त्याला तसंच म्हणतात; पण सव्वीस वर्षं शेजारच्या बाकावर बसून आमच्यात अहो-जाहो उरलेलं नाही.

"बघितला. कोरडा आहे."

"ब्यूला, एकतीस वर्षांत बुटाचा कागद कधी चुकलाय का?" अ‍ॅश्ली पंपाजवळून म्हणाला. "का तुला आज घरी जायचंच नाही?"

खरंच, कधी चुकला नव्हता. कारखान्यातला प्रत्येक डबा सेडिकबुटाच बंद करायचा. तो हात धुवायला निघाला की अ‍ॅश्ली आपणहून लेथ थांबवायचा. मग टेबलावर काळं फडकं पसरायचं, त्यावर झाकणाची रबरी रिंग. डोळे मिटून बुटा खाचेतून बोट फिरवायचा. वाळूचा कण, कपड्याचा धागा, काहीही असो, त्याच्या बोटाला ते कळायचंच. समुद्र केसाने गळा कापतो, आणि आमच्या धंद्यात ते अक्षरशः खरं आहे. एवढा एक केस रिंगेखाली राहिला की त्या दाबाखाली पाणी आत शिरतं आणि आतलं सगळं खाऊन टाकतं. म्हणून आम्ही सगळे टोप्या घालतो. बुटाला टोपीची वेगळी गरज नव्हती, त्याची नमाजाची टोपी डोक्यावर असायचीच.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. चारचौघांत 'ओला' म्हणावं, तर ज्याच्या शब्दावर एकतीस वर्षं जहाजं सुटली, त्याचा शब्द माझ्या तोंडून मोडायचा. गप्प बसावं, तर कॅमेरा बुडायचा. मला रडूच यायला लागलं, आणि मी काही सहजी रडणारी बाई नव्हे.

मी त्याचं मनगट धरलं आणि कागदासकट त्याचा हात त्याच्याच गालाला लावला. दोरीवरची दुपटी वाळली का, हे आई जशी बघते, तसा.

बुटाने डोळे उघडले. मग त्याने कागद टेबलावर ठेवला, सरळ करून ठेवला.

"बाई," तो लिंडेल्वाबाईंना म्हणाला, "'कोरडा' खोडा. ओला आहे."

त्यांनी वहीतून मान वर केली.

"माझी बोटं गेलीत. वर्ष होत आलं. साखर." त्याने दोन्ही पंजे पुढे धरले. "चिमटीत काय आहे तेच कळत नाही. सवयीने चाललं होतं."

"सांगितलं का नाहीत, बुटा?" बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"सांगून काय, दुसरी बोटं दिली असतीत?"

कोणी हसलं नाही. तोच हसला. "रविवारी सकाळी पाकातले कुसिस्टर हाणायचे, खोबऱ्यात घोळवून घोळवून. आई बिचारी ओरडायची. आता भोगा."

मी डबा जवळ ओढला. खाचेत माझ्या बोटाला काहीतरी लागलं. मी ते काळ्या फडक्यावर ठेवलं. एक आखूड, पांढरा केस होता.

"दाढीचा," बुटा म्हणाला. "साऱ्या कारखान्याला टोप्या घालायला लावणारा मी, आणि केस निघाला माझाच."

मग तो स्टुलावर बसला. "चल, हात धू. तू बंद कर."

"मी? मी तारा जोडणारी बाई आहे, बुटा."

"तेच. बारीक कामाचे हात आहेत. वाद घालू नकोस, जहाज थांबत नसतं."

अ‍ॅश्लीने लेथ थांबवला. मी डोळे मिटले. मागून बुटाचा आवाज येत होता.

"दाबू नकोस. तान्ह्याच्या टाळूवरून फिरवतात तसं फिरव. हां. काय लागलं?"

"काही नाही."

"परत फिरव. काय लागलं?"

"काहीच नाही, बुटा."

"हे 'काही नाही' कसं लागतं ते ध्यानात ठेव. आपण तेच शोधत असतो."

रिंगेला ग्रीसचं बोट लावलं. झाकण टेकवताना तो पुटपुटला, "बिस्मिल्ला." मी रविवारी चर्चला जाणारी, पण मीही म्हटलं.

डबा तासभर तोफेत राहिला. बाहेर आला तेव्हा कागद कोरडा होता. बाईंनी लिहिण्याआधी बुटाकडे पाहिलं, त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या देखत मी कॅमेरा आत बसवला, नवा कागद ठेवला, आणि पुन्हा डोळे मिटले. गुरुवारी जहाज सुटलं. धक्क्यावर बुटा आला नव्हता. काल्कबेच्या कोळ्याचा हा मुलगा, पण होडीत पाय ठेवला की ओकतो. भाऊ मासे मारायला जायचे आणि हा किनाऱ्यावर त्यांचे पंप दुरुस्त करायचा, तिथूनच तो या कामाला लागला.

सोळा दिवसांनी जहाज परतलं. जहाजावरच्या लोकांनी तार जोडून चित्रं काढून घेतली होती, डबा मात्र उघडला नव्हता. उघडायचा मान कारखान्याचा. आधी चित्रं बघायला आम्ही सगळे पडद्यासमोर दाटीवाटीने बसलो. बुटाला पुढची खुर्ची दिली.

बराच वेळ नुसता काळोख होता. मग खालून काहीतरी फिकट वर येत गेलं आणि आमच्या दिव्याच्या उजेडात समुद्राचा तळ दिसला. मऊ चिखल, साखर चाळून पसरावी तसा. त्यावर ओंजळभर आकाराचे काळे गोटे. आणि गोट्यांमधून तळहाताएवढा एक जांभळा जीव चालला होता, सावकाश, मागे पावलांची दुहेरी रेघ सोडत. त्याला डोळे नव्हते. उजेड पडला याची त्याला वार्ताही नव्हती. तो किती दिवस चालत होता, कुणासाठी, कुठे, कोण जाणे. जग झालं तेव्हापासून तिथे काळोखच होता, आणि पहिला उजेड गेला तो आमचा, केपटाऊनच्या गोदीतला. अ‍ॅश्लीने खुर्ची पुढे ओढली.

"किती खोल हे?" बुटाने विचारलं.

"चार हजार मीटर," बाई म्हणाल्या.

"आणि माझा डबा तिथे आहे?"

"तिथूनच बघतोय आपण."

"सुभानअल्ला," तो म्हणाला, आणि ती दुहेरी रेघ चौकटीबाहेर जाईपर्यंत पुढे वाकून बघत राहिला. त्याच महिन्याअखेरीस तो निवृत्त होणार होता.

मग आम्ही टेबलापाशी आलो. मी फडकं पसरलं, हात धुतले, झाकण काढलं, कॅमेरा उचलून बाजूला ठेवला. तळाशी घडी केलेला कागद होता. बाईंनी वही उघडली. सगळ्यांना वाटलं, आता ब्यूला सांगेल.

मी कागद बुटाच्या हातात दिला.

त्याने बोटांनी चाचपला नाही. दाढीच्या वर, गालाला लावला आणि डोळे मिटले. कारखान्यात एकही यंत्र चालू नव्हतं.

"कोरडा," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. अ‍ॅश्ली लेथकडे गेला, मी रिंग पुसायला घेतली. बुटाने कागद अजून गालावरून काढला नव्हता.