तिसरी गाडी

"दोनच नावं आहेत," ट्विला म्हणाली. "दोघांसाठी मी शर्यत लावत नाही. नियम तुला माहीत आहे, डेल्मर."

"माहीत असायला काय झालं? मीच केलाय तो," डेल्मर म्हणाला. "तीन गाड्या नसतील तर शर्यत नाही. तेव्हा इथे नायट्रोवाल्यांना उभं राहायला जागा नसायची. मला काय ठाऊक, माझ्याच अंगावर उलटेल म्हणून."

ट्विला आमच्या क्लबची सर्वेसर्वा. तिलाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. तिने पेन्सिल खाली ठेवली.

दुसरं नाव माझं होतं, नडीन प्रुएट. आठवडाभर मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना खायला घालते आणि रविवारी या मातीच्या ट्रॅकवर येऊन रिमोटचा ट्रक पळवते. ट्रक हातभर लांबीचा, पण इंजिन खरं. बाटलीने नायट्रो नावाचं इंधन पाजायचं, दोरी ओढून सुरू करायचं, आणि मग जो आवाज आणि जो गोडसर वास सुटतो, त्यावर माझा जीव आहे. बाकीचा क्लब एकेक करून बॅटरीच्या गाड्यांवर गेला. तिकडे ना धूर, ना कटकट. आमच्यातला तिसरा गार्लंड व्हॉस तेवढा टिकून होता. आज तोही नवीकोरी बॅटरीची गाडी काखेत मारून आला होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता.

एरवी मी "पुढच्या रविवारी बघू" म्हणून सँडविच खायला गेले असते. पण डेल्मरला पुढचा रविवार नव्हता. गुरुवारी त्याची लेक त्याला लांब टूसॉन शहरात, आपल्या घरी घेऊन जाणार होती. त्याची नजर अधू झाली होती, घर विकून झालं होतं, आणि लेकीच्या इमारतीत ना इंजिन चालत होतं, ना इंधनाची बाटली.

डेल्मर हॉस्किन्सबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. उभा जन्म त्याने टँकर हाकला, शेतावरच्या घरांना गॅस पोचवला. भर हिवाळ्यात कुणाचं घर गार पडू दिलं नाही, आणि कुणाच्या फारसा लक्षातही राहिला नाही. बायको लव्हॉन वारली. उरलेला जीव त्याने या ट्रकला लावला.

नऊ वर्षं तो एकच ट्रक सुधारत होता. सगळ्याच सुधारणा काही सुधारणा नव्हत्या. एकदा त्याने धुराचं नळकांडं वर वळवलं, तर पहिल्याच फेरीत वरची प्लॅस्टिकची बॉडी चीजसारखी वितळली. चिखल आत जाऊ नये म्हणून दुधाचे डबे कापून आडोसे लावले, तर आत गेलेला चिखल बाहेरच येईना. पण हवेच्या गाळणीवर बायकांच्या पातळ लांब मोज्याचा तुकडा तेलात भिजवून चढवायची त्याची युक्ती इतकी नामी निघाली, की निम्म्या क्लबने उचलली. लव्हॉन होती तोवर तिच्या कपाटातून मोजे गायब व्हायचे. ती गेल्यावर पठ्ठ्या स्वतः दुकानात गेला, आणि "कुठल्या मापाचे देऊ?" असं विचारणाऱ्या मुलीला म्हणाला, "ट्रकच्या."

एक दुखणं मात्र हटत नव्हतं. टाकी अर्ध्यावर आली की हादऱ्यांनी इंधनाला फेस यायचा, फेस इंजिनात जायचा आणि गाडी ठप्प. नऊ वर्षांत ती एकही शर्यत शेवटपर्यंत धावली नव्हती. या हिवाळ्यात त्याने बागेतल्या पाइपाच्या चकत्या कापून टाकीखाली गाद्या घातल्या होत्या. त्या कामाच्या आहेत की नाहीत, ते या ट्रॅकच्या उड्यांवरच कळणार होतं. आणि ते कळल्याशिवाय त्याला टूसॉनला जायचं नव्हतं.

"चल, सँडविच तरी खाऊ," तो मला म्हणाला. हसत होता, पण ते हसू मला बघवेना. मी तडक गार्लंडला गाठलं.

"डेल्मरच्या व्हॅनमध्ये त्याचा जुना ट्रक पडलाय. तो तू चालव."

"माझी बॅटरीची शर्यत आहे, नडीन."

"ती नंतर आहे."

"कपडे तेलकट होतात गं. बायको म्हणते..."

"इतकी वर्षं तेलकट कपड्यांतच घरी जेवलास ना? तुझा खांदा निखळला होता तेव्हा तुझ्या गाडीची दोरी कोण ओढायचं?"

गार्लंडने मान खाली घातली. "त्याला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, न सांगताच बदललं तर त्याला कमी लागेल."

"काय पण अक्कल! ऊठ."

डेल्मरने सगळं ऐकून घेतलं. मग जुना ट्रक स्वतःकडे ओढला आणि चांगल्या ट्रकचा रिमोट गार्लंडपुढे धरला.

"अरे, जुना मला दे की," गार्लंड म्हणाला. "तुझी ही शेवटची..."

"शेवटची आहे म्हणूनच देतोय. लांबच्या वळणावर मला गाडी दिसत नाही, नुसता धुरळा दिसतो. मी चालवली तर दुसऱ्या मिनिटाला कुंपणात. मग टाकीचं काय झालं ते कुणाला कळणार? मला ती शेवटपर्यंत धावलेली ऐकायची आहे. तुझे डोळे शाबूत आहेत, डोकं नसलं तरी."

ट्विलाने तिसरं नाव लिहिलं आणि भोंग्यावरून आमची शर्यत पुकारली. बॅटरीवाले सगळे कुंपणाशी येऊन उभे राहिले.

डेल्मरचा जुना ट्रक दोनदा उलटला, एकदा कुंपणात घुसला, आणि टाकी अर्ध्यावर येताच खोकून बंद पडला. त्याने रिमोट शांतपणे खाली ठेवला, कठड्यावर कोपरं टेकली आणि डोळे मिटले. मी सगळ्यांत पुढे होते, पण शपथेवर सांगते, माझे कान मागच्या इंजिनाकडे होते.

"आता येईल फेस," डेल्मर पुटपुटला.

मोठ्या उडीवर इंजिनाचा आवाज एकदम चिरकला. मला वाटलं, आला फेस. पण चाकं नुसती हवेत फिरली होती. ट्रक जमिनीवर आला आणि आवाज पुन्हा जाडा, भरीव झाला.

"डेल्मर! चालतीये रे!" गार्लंड ओरडला.

"ओरडू नको. ऐकू दे."

शेवटच्या फेरीला टाकीत तळाशी थोडंसं उरलं असेल. तेवढ्यावर तो ट्रक अखंड गुरगुरत रेषेपार आला. मी जिंकले होते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही ते मागाहूनच आठवलं.

डेल्मरने गरम टाकीवर तळहात ठेवला. "फेस नाही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "फेस नाही, नडीन." मला रडूच फुटलं. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि जुना ट्रक उचलून ट्विलाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हा इथेच असू दे," तो तिला म्हणाला. "कधी तिसरी कमी पडली तर."

परत आला तेव्हा गार्लंड चांगला ट्रक पुसत होता. शर्यत संपली की आम्ही इंजिनात दोन थेंब तेल सोडतो, नाहीतर आतून गंज धरतो. याला आम्ही गाडी झोपवणं म्हणतो. दुसऱ्याची गाडी कुणी झोपवत नाही, ते मालकाचं काम. मी तेलाची बाटली डेल्मरच्या हातात दिली. त्याने ती गार्लंडपुढे केली.

"तू घाल ना," गार्लंडचा आवाज चोरटा झाला होता.

"ज्याची गाडी त्याने घालायचं," डेल्मर म्हणाला.

भोंग्यावरून ट्विला बॅटरीच्या शर्यतीसाठी गार्लंडचं नाव पुकारत होती. गार्लंड हलला नाही. त्याने बाटलीचं झाकण काढलं आणि श्वास रोखून, एकेक करून, थेंब आत सोडले. डेल्मर ते होईपर्यंत बाजूला उभा होता. हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मग तो व्हॅनकडे गेला, सवयीने मागचं दार उघडलं, ट्रकच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि अलगद लावून घेतलं.