वाळक्या पानामागची निळाई

एलिझा मॅडमची आठवण आधी गंध होऊन येते: अति पिकलेल्या राजेळी केळ्यांचा, किंचित आंबूस, मधासारखा जड गंध. उमेळ्याच्या त्यांच्या वाडीतली ती केळी, साल काळवंडेपर्यंत मुद्दाम ठेवलेली, आश्विनातल्या एका रविवारी कापडी पिशवीतून तुंगारेश्वराची चढण चढत होती. आणि मागून आम्ही पाच-सहा विद्यार्थी, मॅडमच्या संथ पावलांशी आपली पावले जुळवत.

मॅडम आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. वर्गात बोलता बोलता त्या वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर पाहत, आणि ओहोटीचे पाणी किनाऱ्यापासून सरत जावे तसा त्यांचा आवाज आमच्यापासून दूर जाई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पाचूबंदरला मासळी निवडणाऱ्या माझ्या आईच्या थकव्याला वास होता, आवाज होता, कधी शिव्याही होत्या. मॅडमचा थकवा निःशब्द होता. तो मला वाचता येत नसे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी याच जंगलात त्यांनी ते दुर्मीळ फुलपाखरू पाहिले होते. पंख मिटले की हुबेहूब वाळके पान, अगदी देठासकट; उघडले की आतून खोल निळे. नंतर त्या दरवर्षी आल्या, पण ते पुन्हा दिसले नाही. आता गुडघ्यांनीच हात टेकले होते, मार्चमध्ये निवृत्ती होती, वाडीवर इमारत उठायची होती. ही शेवटची चढण, असे त्या म्हणाल्या नाहीत; पण त्या दिवशी चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून आल्यावर पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी डोंगराकडे जितका वेळ पाहिले, त्यावरून आम्हाला ते कळले. तो निळा रंग त्यांना एकदा दाखवायचाच, असे आम्ही आपसात ठरवून टाकले.

हे फुलपाखरू फुलांकडे फारसे फिरकत नाही, सडत्या फळांवर उतरते. म्हणून ओढ्यापलीकडच्या खडकावर आम्ही केळी सोलून मांडली आणि झाडीआड बसलो. पण ती वाट तुंगारेश्वराच्या देवळाची. पहिलीच म्हातारी थबकली, खडकाला हळदकुंकू लावून नमस्कार करून गेली. मग येणाऱ्याने फूल वाहावे, जाणाऱ्याने माथा टेकावा. एकाने तर उदबत्ती खोचली. एका बाईला झाडीआड दबा धरून बसलेले आम्ही दिसलो.

"कोनता देव गो ह्यो?" तिने विचारले.

माझी मैत्रीण सुजाता हसू दाबत म्हणाली, "अजून यायचाय, मावशी. वाट बघतोय."

मॅडमही हसल्या, पण डोळ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच ते हसू दमले. धुरामुळे फुलपाखरू येणार नाही म्हणून मी उदबत्ती विझवायला उठले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले. कुणाची तरी श्रद्धा जळत होती. ती तिच्या वेळेने विझावी, एवढेच त्यांना हवे असावे.

ऊन कलले. वाट निर्मनुष्य झाली, धूर विरला. आणि वरून एक वाळके पान गळाले, गळता गळता मध्येच वळले आणि, डोळ्यांवर ऊन आल्याने रंग कळायच्या आत, अलगद केळ्यावर येऊन बसले. मॅडमच्या बोटांनी माझे मनगट घट्ट धरले. पंख मिटलेले होते. आम्ही थांबलो, पुष्कळ थांबलो. उन्हे झाडांच्या शेंड्यांवर गेली, ओढ्याचा आवाज मोठा वाटू लागला, आणि त्या तपकिरी पानातून निळाईचा धागासुद्धा बाहेर आला नाही. परतीची बस चुकण्याची वेळ झाली. सुजाताने खडा उचलला. तो नुसता शेजारी पडला असता तरी ते उडाले असते, आणि उडताना निळे दिसलेच असते.

मॅडमनी तिच्या मुठीतून खडा हळूच काढून घेतला.

"पण मॅडम, तुम्हाला निळा..."

"दमून आलंय गं ते," त्या म्हणाल्या. "बसू दे."

निजलेल्या लेकराकडे पाहावे तसे त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि उतरायला लागल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

त्यांच्या पहिल्या वर्षीचा तो निळा कसा होता, समुद्राचा की संध्याकाळचा, हे विचारायचे राहून गेले. आता विचारायला त्याही उरल्या नाहीत. पाहिलेले पुष्कळ काही काळ पुसून नेतो. पण आपण कधीच न पाहिलेल्या रंगाचीही इतकी आठवण येते, हे मला ठाऊक नव्हते.